पन्नाशी गाठण्याआधीच भंगारात

प्रति,
माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या मोटारींच्या मिरवणुकीची छायाचित्रे अधूनमधून आपल्या रविवारच्या अंकात झळकतात आणि ती पाहून आमच्यासारख्या हौशी माणसांना आनंदच होतो. मात्र त्या छायाचित्रांत संस्थानिकांच्या लांबलचक परदेशी गाड्याच प्रामुख्याने असतात. दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक बाहेर पडली की आम्हा कोल्हापूरकरांची मान ताठ होते, हे मी नाकारत नाही. तरीही या पत्राचा विषय त्या गाड्या नाहीत. त्यांची काळजी घेण्यास त्यांचे मालक समर्थ आहेत. माझा विषय आहे तो वकील, डॉक्टर, साखर कारखान्यातील अधिकारी आणि मुंबईचे टॅक्सीवाले यांच्या दारात उभ्या असलेल्या, कुर्ल्यात तयार झालेल्या साध्या फियाट गाड्यांचा, आणि त्या आपल्या डोळ्यांदेखत ज्या रीतीने नाहीशा होत आहेत त्याचा.

माझी ओळख थोडक्यात सांगतो. मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत टर्नर या व्यवसायाचा, म्हणजे लेथकामाचा, शिल्प निदेशक (शिक्षक) होतो. वडील गडहिंग्लजला वकिली करीत आणि त्यांनी १९६९ साली घेतलेली फियाट ११०० डिलाइट आजही माझ्याकडे चालू स्थितीत आहे. मी राहतो त्याच गल्लीत, चार घरे सोडून, १९८७ सालची एक प्रीमियर पद्मिनी उभी असते. या दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या केल्या तर जाणकारालाही क्षणभर विचार करावा लागतो. समोरची जाळी, दिवे आणि आतील काही सामान वेगळे आहे, पण सांगाडा एकाच वंशाचा आहे. ६८ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोकचे (पिस्टनच्या धावेचे) १०८९ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन दोहोंत आहे. माझ्या गाडीचा एसी पंप, म्हणजे इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप, बिघडला तेव्हा शेजाऱ्यांच्या गाडीचा काढून बसवला आणि मी आजऱ्यापर्यंत जाऊन आलो. असे असूनही कायद्याच्या दृष्टीने माझी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणजे वारसा ठरते आणि शेजाऱ्यांची गाडी केवळ जुनी, म्हणजे भंगाराच्या वाटेवरची. या फरकामागे वर्षांच्या गणिताखेरीज दुसरे काहीही नाही.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून व्हिंटेज वाहनांसाठी प्रथमच स्वतंत्र तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेली आणि सांगाडा, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरबदल न केलेली दुचाकी किंवा चारचाकी या वर्गात बसते. नव्या नोंदणीसाठी २० हजार रुपये आणि नूतनीकरणासाठी ५ हजार रुपये असे शुल्क असून नोंदणी १० वर्षे टिकते. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला तिचा मूळ क्रमांक राखता येतो. त्या बदल्यात गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही, तर प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती बाहेर काढावी, अशी अट आहे. मला ही अट रास्त वाटते. वरातीसाठी आणि लग्नाआधीच्या छायाचित्रांसाठी व्हिंटेज गाडी भाड्याने देणारे काही मालक मला ठाऊक आहेत. त्यांना ही अट जाचक वाटते हेही ठाऊक आहे, पण सवलत घ्यायची आणि धंदाही करायचा हे जमणार नाही.

ही तरतूद झाली त्याच्या पुढच्याच महिन्यात, म्हणजे ऑगस्ट २०२१ मध्ये, वाहने मोडीत काढण्याचे राष्ट्रीय धोरण सुरू झाले. जुनी गाडी अधिकृत केंद्रात मोडीत काढून प्रमाणपत्र घेणाऱ्याला नव्या खासगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याची सोय त्यात आहे. धूर ओकणाऱ्या गाड्या रस्त्यावरून जायला हव्यात याबद्दल माझे दुमत नाही. प्रश्न असा की, १५ वर्षांनी गाडी जुनी ठरते आणि ५० वर्षांनी ती वारसा ठरते. मधल्या ३५ वर्षांत तिने काय करावे?

या ३५ वर्षांत काय घडते ते शेजाऱ्यांच्या पद्मिनीवरून सांगतो. पंधरा वर्षे उलटलेल्या मोटारीच्या नोंदणीचे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. पूर्वी त्यासाठी ६०० रुपये पडत. एप्रिल २०२२ पासून ते ५ हजार झाले आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने २० वर्षांपेक्षा जुन्या मोटारीसाठी १० हजार. शिवाय राज्याचा पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो. शेजाऱ्यांच्या गाडीची मुदत २०२७ मध्ये संपते आणि ती ५० वर्षांची होणार २०३७ मध्ये. म्हणजे त्या १० वर्षांसाठी केवळ नूतनीकरणाचे २० हजार रुपये. माझ्या गाडीला पुढील नूतनीकरणाच्या वेळी तेवढ्याच १० वर्षांसाठी ५ हजार पडतील. शौकिनांच्या भाषेत सांगायचे तर, घोडा म्हातारा होईपर्यंत त्याला दाणा द्यायचा नाही आणि तो जगलाच तर त्याची मिरवणूक काढायची, असा हा प्रकार झाला.

या गाड्यांची किंमत मी भावनेपोटी वाढवून सांगत नाही. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९५४ च्या सुमारास फियाट ११०० बाहेर पडू लागली. नाकाडावरून जिला आपल्याकडे सर्रास ‘डुक्कर फियाट’ म्हणत आणि जिचे पुढचे दरवाजे उलट्या बाजूने उघडत, ती हीच. साठच्या दशकाच्या मध्यावर डिलाइट आली आणि १९७४ च्या सुमारास तिचीच पद्मिनी झाली. सन २००० च्या आगेमागे उत्पादन थांबेपर्यंत हीच गाडी थोड्याफार फरकाने बनत राहिली. परवान्यांच्या त्या काळात गाडी नोंदवल्यावर हातात पडेपर्यंत वर्षे लोटत. आमच्या वडिलांनी गाडी नोंदवली तेव्हा मी मराठी तिसरीत होतो आणि ती आली तेव्हा हायस्कुलात. मुंबईतील शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीची नोंदणी ताडदेव परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. टॅक्सीसाठीची २० वर्षांची मर्यादा संपताच, ३० ऑक्टोबर २०२३ पासून, ती रस्त्यावरून गेली. त्या दिवशी वर्तमानपत्रांत किती हळहळ व्यक्त झाली होती हे वाचकांना आठवत असेल. हळहळ खरी होती, पण हजारोंनी असलेल्या त्या टॅक्सी तोवर किलोच्या भावाने गेल्या होत्या.

आता मूळ मुद्द्यावर येतो. गाडी राखून ठेवायची तर कागद आणि पैसा यांच्याइतकाच, किंबहुना जास्तच, कारागीर लागतो. माझ्या गाडीचे काम मी निवृत्तीनंतर सुरू केले. ‘घर पाहावे बांधून’ असे म्हणणाऱ्याने जुनी गाडी उघडून पाहिलेली नसावी. गाडीच्या तळाचा पत्रा पेडलच्या खाली इतका गंजला होता की रबरी मॅट उचलताच जमीन दिसली. हल्लीच्या वर्कशॉपमध्ये या दुखण्यावर ‘पार्ट बदला’ एवढे एकच औषध आहे, आणि हा पार्ट कुठेच मिळत नाही. शेवटी उद्यमनगराच्या मागच्या बाजूला सत्तरी ओलांडलेले एक पत्राकाम करणारे मिस्त्री सापडले. त्यांनी गंजलेला भाग कापला, जुन्या दिनदर्शिकेचे जाड पान त्या जागेवर ठेवून बोटाने कडा दाबत साचा घेतला आणि वीस गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा त्या मापाने कापला. मग लाकडी ठोकळ्यावर आणि डॉलीवर (हातात धरायच्या लोखंडी ठोकळ्यावर) हातोडीने ठोकत त्यांनी मूळ पत्र्यावर असलेल्या तीन उभ्या पन्हळी जशाच्या तशा उठवल्या. या पन्हळींशिवाय पत्रा चालत्या गाडीत टिनाच्या डब्यासारखा वाजतो, हे त्यांनी मला सांगितले. सव्वीस वर्षे मुलांना यंत्रे शिकवून मला ते ठाऊक नव्हते. तीन दिवसांत त्यांनी लांबीचा (खड्डे बुजवायच्या पुट्टीचा) एक गोळाही वापरला नाही. त्यांचा मुलगा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो आणि त्याचे बरे चालले आहे, त्यामुळे मी त्याला बोल लावू शकत नाही.

इंजिनाचे काम माझ्या हद्दीतले. बोअर घासून अंडाकृती झाले होते. ते ओव्हरसाइजला काढून (थोडे मोठे कापून), होनिंग करून (आतून गुळगुळीत घासून) नवे पिस्टन व रिंगा बसवाव्या लागल्या. क्रँक ग्राइंड करून घेतला आणि डेल्कोचा, म्हणजे ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा, दांडा सैल झाला होता म्हणून त्याचा बुश लेथवर स्वतः वळला. पिस्टनसाठी मात्र मुंबईला ऑपेरा हाउस परिसर, कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि पुण्यात बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार अशा वाऱ्या केल्या. हौसेला मोल नसते हे खरे, पण हौस असलेल्याकडे वेळही लागतो.

याच कामातून एक प्रश्न उभा राहिला आणि तो मी जाहीरपणे विचारू इच्छितो. बोअर ०.६ मिलिमीटरने वाढवले की १०८९ घन सेंटिमीटरचे इंजिन हिशेबाने जवळजवळ ११०९ चे होते. मग हा नियमात म्हटलेला इंजिनातील मोठा फेरबदल झाला का? कोणताही मिस्त्री हसून नाही म्हणेल. ओव्हरसाइज पिस्टन हे कारखान्यानेच ठरवून दिलेले दुरुस्तीचे टप्पे असतात आणि ५० वर्षे चाललेले इंजिन एकदाही बोअर झालेले नसेल तर ती गाडी चाललेलीच नाही. उलट, जुन्या फियाटमध्ये अथवा जीपमध्ये भलतेच डिझेल इंजिन कोंबून वर मूळ बॉडी मिरवणारे लोक आहेत आणि त्यांच्या कागदपत्रांत मात्र काहीच दिसत नाही. झीज भरून काढणे आणि स्वरूप बदलणे यांत भेद करणारी रेषा नियमात स्पष्ट आखलेली नाही. राज्यांनी नोडल अधिकारी नेमून अशा गाड्यांच्या तपासणीसाठी समिती नेमावी, असे या नियमांच्या मसुद्यात म्हटले होते. माझी सूचना अशी की, अशा समितीवर हाताने काम केलेला एक तरी मिस्त्री असावा. पत्र्यावर टिचकी मारून आत लांबी आहे की लोखंड, हे सांगणारा माणूस टेबलापलीकडे बसलेला असेल तर निम्मे वाद तिथेच मिटतील.

मूळपणाबद्दल बोलताना आमच्या बाजूची एक चूक कबूल करणे भाग आहे. आपल्याकडे काळ्या पाषाणाच्या देवळाचा जीर्णोद्धार म्हणजे त्याला चकचकीत ऑइलपेंट फासणे अशी एक समजूत आहे, आणि गाड्यांच्या बाबतीतही आम्ही तेच करतो. नव्या गाडीपेक्षा जास्त चमकणारा रंग आणि सगळीकडे क्रोम केले की गाडी ‘झाली’. मीही त्याला अपवाद नव्हतो. बोनेट उघडल्यावर समोर जो आडवा पत्रा दिसतो त्यावर, कोपऱ्यात, पिवळ्या रंगाने कुंचल्याने काढलेला एक आकडा आणि एक तिरकी रेघ होती. कुर्ल्याच्या कारखान्यात तपासणी करणाऱ्या कोणा कामगाराच्या हातची ती खूण असावी. रंगाच्या उत्साहात मी पॉलिश पेपर पाण्यात बुडवून ती घासून टाकली. दुसऱ्या दिवशी दरवाजाच्या बिजागरीखाली घासताना एकाखाली एक थर निघाले. वर पांढरा, त्याखाली बहिणीच्या लग्नाआधी मारलेला मरून आणि सगळ्यात खाली मूळ ड्युकोचा (कारखान्यातल्या फवारणीच्या रंगाचा) फिकट राखी-निळा. तेव्हा कुठे डोके ठिकाणावर आले. बिजागरीखालचा तो तळहाताएवढा भाग मी तसाच ठेवला आहे. पिवळा आकडा काय होता हे आता मला आठवत नाही.

जतन करणे आणि नव्याने घडवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऐतिहासिक वाहनांची ‘फिवा’ ही आंतरराष्ट्रीय संघटना हा भेद मानते. तिच्या ट्युरिन सनदेत मूळ भाग शक्य तितके राखण्यावर भर आहे, आणि ऐतिहासिक वाहन म्हणण्यासाठी तिची किमान वयोमर्यादा ३० वर्षे आहे. जर्मनीत १९९७ पासून ३० वर्षांच्या गाडीला क्रमांकाच्या शेवटी ‘एच’ अक्षर लावण्याची सवलत मिळते, पण गाडी मूळ स्वरूपात व सुस्थितीत असल्याचे तपासनिसाने प्रमाणित केल्यावरच. नुसते वय पुरेसे नसते. ब्रिटनमध्ये ही मर्यादा ४० वर्षांची आहे आणि अशा गाड्यांना रस्ताकर माफ असतो. आपण ५० चा आकडा धरला. त्याऐवजी ३० वर्षांवरील गाड्यांचा मधला वर्ग करून, कडक तपासणी घेऊन आणि वापरावर व्हिंटेजसारखेच बंधन घालून त्यांना वाजवी शुल्कात राहू द्यावे. प्रदूषणाचा आक्षेप येथे टिकत नाही. माझी गाडी गेल्या वर्षी ४१० किलोमीटर चालली. वहीत प्रत्येक फेरी लिहिलेली आहे आणि पीयूसी वेळेवर आहे. मधल्या वर्गातील मालकांकडून अशी वही सक्तीने मागितली तरी कोणाची हरकत नसावी.

कागदपत्रांचा अनुभव थोडक्यात सांगतो. एका परिवहन कार्यालयात माझ्या गाडीची नोंद संगणकावर चढवलेली नव्हती. संगणकावर नोंद नाही म्हणून ऑनलाइन अर्ज भरता येत नाही आणि अर्ज नाही म्हणून नोंद शोधली जात नाही, या चक्रात सव्वा वर्ष गेले. शेवटी एका जुन्या कर्मचाऱ्याने माळ्यावरून नोंदवही उतरवली आणि वडिलांच्या सहीसह पान सापडले. १९८९ साली क्रमांकांची नवी पद्धत येण्यापूर्वीच्या गाड्यांच्या अशा नोंदवह्या ठिकठिकाणी कसरीच्या तोंडी आहेत. त्यांची छायाचित्रे घेऊन ठेवण्याचे काम फार खर्चाचे नाही.

इंधनाचाही उल्लेख करायला हवा. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आता सर्वत्र आहे. ऊसपट्ट्यातला माणूस असल्याने इथेनॉलला नावे ठेवणे मला जड जाते, पण जुन्या गाडीतील रबराचे होज, पंपाचा पडदा आणि सील त्यासाठी बनलेले नाहीत. ते फुगतात, चिकट होतात, आणि इथेनॉल हवेतील ओलावा धरत असल्याने उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. मी होज बदलून इथेनॉलला टिकणारे बसवले आहेत आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करतो. पावसाळ्यात हे फार जपावे लागते.

राहता राहिला शिक्षणाचा प्रश्न, जो माझ्या जिव्हाळ्याचा आहे. माझ्या नोकरीच्या अखेरच्या वर्षांत कार्बोरेटर हा मोटार मेकॅनिकच्या मुलांना केवळ तोंडी परीक्षेपुरता उरला होता. अभ्यासक्रम नव्या गाड्यांप्रमाणे बदलला पाहिजे, यात शंका नाही. परंतु शीट मेटल, वेल्डर, टर्नर हे व्यवसाय आजही संस्थांत शिकवले जातात. यंत्रकामातले आद्य कारागीर म्हादबा मेस्त्री यांचे नाव सांगणाऱ्या कोल्हापुरात ओतकाम, लेथकाम आणि पत्राकाम एका हाकेच्या अंतरावर आहे. येथील एखाद्या संस्थेत सहा महिन्यांचा जुन्या वाहनांच्या जतनाचा वर्ग सुरू करावा आणि त्यावर मानधन देऊन निवृत्त मिस्त्रींना बोलवावे. त्यांच्याकडे पदविका नाही म्हणून नियम आड येईल, याची मला कल्पना आहे. नियम करणाऱ्यांनी एकदा येऊन त्या तीन पन्हळी पाहाव्यात. ज्यांना इंग्रजी क्लबांचे निमंत्रण येत नाही, अशा किती तरी मध्यमवर्गीय मालकांना आज गाडी राखण्याची इच्छा आहे आणि काम करून देणारा हात मिळत नाही. हात मिळेल तेव्हा गाडी उरलेली नसेल.

शेजाऱ्यांच्या पद्मिनीच्या डाव्या मागच्या मडगार्डाला गंज लागला आहे. भंगारवाला दोनदा येऊन वजनाचा अंदाज सांगून गेला. मिस्त्रींनी गेल्या आठवड्यात दिनदर्शिकेचे एक पान लावून साचा कापला आणि तो माझ्या टेबलाच्या खणात ठेवला आहे. २०२७ चे १० हजार भरायचे की नाहीत, हे मालकांचे अजून ठरत नसल्याने पत्रा आणलेला नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्प निदेशक, कोल्हापूर